कबरीवर ग्रॅनाईटची पाटी आणि चर्चमध्ये स्मृतिफलक: परवानगी कोणाची?

मालवणकर_07
पॅरिशच्या (आमच्या भागातल्या कॅथलिक चर्चच्या) दफनभूमीतल्या कबरीवर काळ्या ग्रॅनाईटची पाटी उभी करायची आहे. दफन मार्चमधलं. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या आत काम व्हावं असं घरच्यांना वाटतं. दुसरं, आजोबांनी त्याच चर्चमध्ये बरीच वर्षं ऑर्गन वाजवला. त्यांच्या नावाचा छोटा पितळी फलक आतल्या भिंतीवर लावता येईल का? भिंती जांभ्याच्या, गिलावा चुन्याचा. फादरांना तोंडी विचारलं, "बघू" म्हणाले. अर्ज कसा करायचा आणि कारागिराला काय सांगायचं?

पॅरिश_कामकाज
पहिला प्रश्न फादरांना हा विचारा: कबर कायमची आहे की फिरती? जागा कमी असलेल्या दफनभूमीत ठरावीक वर्षांनी कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी निशमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, हलवतात. कबर फिरती असेल तर पाटी काढावीच लागेल, तिथे ग्रॅनाईटवर खर्च करू नका. कायमची असली तरी जागा पॅरिशचीच राहते, कुटुंबाला फक्त वापराचा हक्क असतो. तुमच्या पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. पुढचे बहुतेक वाद त्या एका ओळीवरून होतात.

"बघू" म्हणजे परवानगी नव्हे. एका पानाचा अर्ज द्या: कबरीचा क्रमांक, मृताचं नाव दफन नोंदवहीत आहे अगदी तसंच, पाटीची उंची, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, कोरायचा पूर्ण मजकूर, आणि मापांसह साधी आकृती. शेजारच्या दोन्ही कबरींपासून किती अंतर सुटतं तेही आकृतीत दाखवा. दोन प्रती करा आणि एकीवर सही-शिक्का घ्या. फादर बदलले की तोंडी शब्द त्यांच्यासोबत जातो, शिक्क्याचा कागद तुमच्याकडे राहतो. आकार आणि मजकुराचे नियम प्रत्येक धर्मप्रांताचे (एका बिशपच्या हाताखालच्या भागाचे), कधी कधी प्रत्येक पॅरिशचे वेगळे. वसईतल्या नातेवाइकांना चाललं म्हणून सिंधुदुर्गात चालेल असं धरू नका.

चर्चच्या आतला फलक ही निराळी गोष्ट. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, कलम 1242 नुसार चर्चमध्ये दफन फक्त पोप, कार्डिनल आणि धर्मप्रांताचे बिशप यांचं, तेही त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये. निवृत्त बिशपही त्यात आले. फलक म्हणजे दफन नाही, त्यामुळे हे कलम तुम्हाला आड येत नाही. पण जुन्या भिंतीला कायमचं काही जडवण्याचा निर्णय एकट्या फादरांवर सोडू नका. पॅरिशची अर्थसमिती, मग फादरांचं शिफारसपत्र, मग बिशप हाउसची लेखी मंजुरी, या क्रमाने जा. वेदीजवळची जागा मागूच नका. ऑर्गनवादकाचा फलक कॉयरच्या (गायकवृंदाच्या) जिन्यापाशी किंवा मागच्या भिंतीवर शोभेल, आणि मंजुरीही सोपी जाईल. माझं मत विचाराल तर ऑर्गनच्या दुरुस्तीला देणगी द्या आणि बाकड्यावर छोटी पट्टी लावा. भिंतीला हात लागत नाही.

दगडकाम_सावंतवाडी
नोव्हेंबरची घाई सोडा. मार्चमध्ये भरलेली माती या पावसाळ्यात पहिल्यांदा खचेल. लाकडी पेटीचं झाकण कुजून बसलं की ती दुसऱ्यांदा खचेल, आणि ते कधी होईल ते वरून कळत नाही. 3 फूट बाय 2 फूट, 2 इंच जाडीची ग्रॅनाईटची पाटी साधारण 75 किलोची होते. पोकळ मातीवर ठेवली तर पुढे झुकते, नाहीतर मधोमध तडकते. तोवर नाव लिहिलेला लाकडी क्रूस लावा, कडेने चिरे रचा. पाटी पुढच्या वर्षी.

पाया खड्ड्याच्या भरावावर घ्यायचा नाही. डोक्याच्या बाजूला, खड्ड्याच्या पलीकडे, न खणलेल्या जमिनीत घ्यायचा. फूटभर खोल चर, तळाला खडी दाबून, वर 1:2:4 काँक्रीट (सिमेंट, रेती, खडी), आणि निदान आठवडाभर पाणी. मालवणच्या रेतीत चर ढासळतो, म्हणून फळ्या लावूनच खणा. दोन पैसे जास्त गेले तर जाऊ द्या, पण समुद्राची रेती वापरू नका. त्यातलं मीठ लोखंड खातं आणि वर पांढरं फुटतं.

पाटी आणि बैठक (तिच्याखालचा दगड) यांच्यामध्ये 12 मिलीमीटरच्या दोन खुंट्या, प्रत्येक दगडात चार इंच आत, इपॉक्सीत. स्टेनलेस स्टीलचा 316 प्रकार सांगा आणि बिलावर लिहून घ्या, कारण खाऱ्या हवेत 304 वर डाग पडतात. लोखंडी सळई गंजून फुगते आणि दगडाचा कोपरा उडवते. बैठकीच्या माथ्याला पुढे थोडा उतार ठेवा, पाणी साचता कामा नये.

अक्षरं लेझरने नको, सँडब्लास्टने (वाळूच्या जोरदार फवाऱ्याने) 2 ते 3 मिलीमीटर खोल घ्या. लेझरचं काम वरवरचं असतं, त्यातला सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत निघून जातो. कोरण्याआधी पूर्ण मापाचा कागदी नमुना मागा आणि घरातल्या दोघांनी तो वेगवेगळा वाचावा. फॉन्ट बदलताना 'स्मृती'मधला 'मृ' सुटा पडतो, 'ज्येष्ठ'मधला 'ष्ठ' फुटतो, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. दगडावर अक्षरं कापलेलं रबर चिकटवून फवारा मारला की दुरुस्ती नाही.

मालवणकर_07
पाटी पुढच्या वर्षी, पटलं. फलकाला भिंतच मिळाली तर भोकं कुठे पाडायची?

चुनाकाम
जांभ्यात आत पोकळ्या असतात, साधा फुगणारा अँकर तिथे पकडत नाही, चिरा फोडतो. गिलाव्याखालची चिऱ्यांमधली दरज शोधा आणि भोकं दरजेत पाडा, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसत्या फिरकीने. पितळी स्क्रू चुन्याच्या मसाल्यात बसवा, सिमेंटमध्ये नको. सिमेंट पाणी अडवतं, मग ओल कडेने फिरते आणि फलकाभोवती गिलावा पोपडे धरून सुटतो. फलक भिंतीला चिकटवू नका, मागे 5 मिलीमीटर पितळी वॉशरची फट ठेवा म्हणजे भिंत श्वास घेईल. पावसाची झड लागणारी, म्हणजे बहुतेक पश्चिमेची भिंत टाळा.

चर्च विजयदुर्गासारख्या केंद्राच्या संरक्षित किल्ल्याजवळ असेल तर प्राचीन स्मारकांचा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा पाहा. स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर नव्या बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर परवानगीचे. आतल्या फलकाला तो सहसा लागत नाही, पण कबरीभोवती कठडा किंवा छत्री बांधायचा विचार असेल तर आधी विचारा.

पितळ मळलं तर मऊ फडका आणि साबणाचं पाणी पुरे. आणि कबरीची पाटी धुवायला ॲसिड कोणालाही वापरू देऊ नका. शेजारच्या संगमरवरी क्रूसावर शिंतोडे उडाले की त्याची झिलई कायमची जाते, आणि तो क्रूस दुसऱ्या घरचा असतो.