‘पॅटी’ म्हणजे पारी की सारण?

समास यांचा प्रश्न:

एकोणिसाव्या शतकातील काही इंग्रजी कौटुंबिक पत्रांचे मराठी भाषांतर मी सध्या करीत आहे. त्यांतील एका मेजवानीच्या वर्णनात ‘ऑयस्टर पॅटी’ हा पदार्थ येतो. मी ‘कालवांचे पॅटिस’ असे लिहून मोकळी झाले. परंतु कच्चा खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने समासात ‘म्हणजे कालवांची टिक्की, रगड्याबरोबर देतात तशी?’ असे लिहिले आणि मी अडखळले. रगड्यातले पॅटिस आणि बेकरीतले पॅटिस यांचे एकमेकांशी काही नाते दिसत नाही. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ कोणता? त्याच पत्रांत अन्यत्र ‘पॅस्टी’ असाही शब्द आहे. तो वेगळा पदार्थ की नुसता लेखनभेद, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुहेरी_वेलांटी यांचा प्रतिसाद:

ताई, तुमचा शब्द बरोबरच आहे. मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर मात्र दुसरे पॅटिस आले. लॅटिनमधल्या ‘पास्ता’ या शब्दाचा, म्हणजे भिजवलेल्या पिठाचा, हा सगळा गोतावळा असून पेस्ट, पेस्ट्री, पॅस्टी आणि फ्रेंच ‘पाते’ ही सारी त्याच घरातली मंडळी आहेत. ‘पॅस्टी’ हा शब्द मध्ययुगात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तर ‘पॅटी’ हे ‘पाते’चे सतराव्या शतकात रूढ झालेले इंग्रजी रूप आहे. तेव्हा पॅटी म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला लहानसा पदार्थ. तो ज्या छोट्या साच्यात भाजत, त्याला ‘पॅटीपॅन’ असे नाव होते.

पुढे, विशेषतः अमेरिकेत, खिम्याच्या थापलेल्या चपट्या गोळ्यालाही पॅटी म्हणू लागले आणि हॅम्बर्गरमुळे तोच अर्थ जगभर पोहोचला. थोडक्यात, पारी गळून पडली आणि नाव सारणाला चिकटले. मराठीने दोन्ही अर्थ ठेवून घेतले, तेही ‘पॅटीज’ या अनेकवचनालाच एकवचन समजून. त्यामुळे आपण दुकानात बिनदिक्कत ‘एक पॅटिस द्या’ म्हणतो. पुण्याच्या ब्रेड पॅटिसमध्ये तर बटाट्याचे सारण ब्रेडच्या दोन तुकड्यांत घालून बेसनात बुडवून तळतात, आणि उपवासाच्या पॅटिसात ज्या बटाट्याला आपण एरवी सारण समजतो तोच खोबऱ्याभोवतीची पारी होतो. शब्दाने आपल्याकडे जितके हातपाय पसरले तितके इंग्लंडातही पसरले नसतील.

मुरड यांचा प्रतिसाद:

पॅस्टीबद्दल थोडे लिहितो. उच्चार ‘पॅस्टी’ असाच करावा. ‘पेस्टी’ म्हटले की फिकुटलेल्या चेहऱ्याचे विशेषण होते. हल्ली हा शब्द प्रामुख्याने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलशी जोडला जातो. आकार आपल्या करंजीचा, पण तळहाताहून मोठा. कडेला करंजीसारखीच मुरड घातलेली असते. ‘कॉर्निश पॅस्टी’ या नावाला 2011 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. त्या नियमांत मुरड बाजूलाच हवी, माथ्यावर चालणार नाही, इथपर्यंत बारकावा आहे. गोमांस किमान साडेबारा टक्के हवे आणि जोडीला बटाटा, कांदा व स्वीड नावाचा कंद हवा. करंजीशी असलेले साम्य मात्र येथेच संपते, कारण पॅस्टीत सारण कच्चेच भरतात आणि ते पारीच्या आत, स्वतःच्या रसात, मंद आचेवर शिजते. तुमच्या पत्रांतल्या पॅस्टीला करंजी म्हणू नये. वाचकाला दिवाळीचा गोड वास येईल.

टोरांटोनिवासी यांचा प्रतिसाद:

या दोन अर्थांच्या भांडणात एकदा सरकारही पडले होते. येथे जमैकातून आलेल्या लोकांनी त्यांची पॅटी आणली: हळदीने किंवा करी पावडरीने पिवळी झालेली खुसखुशीत पारी आणि आत तिखट खिमा. (जमैकात 1845 पासून भारतीय गिरमिटिये गेले, त्यांच्या मसाल्यांची ही खूण मानली जाते.) 1985 च्या फेब्रुवारीत टोरांटोतील दुकानदारांना सरकारी निरीक्षकांनी सांगितले की, नियमानुसार ‘बीफ पॅटी’ म्हणजे मांस आणि मसाला एवढेच; ज्याला पारी आहे त्याला हे नाव लावता येणार नाही. दुकानदारांनी नाव सोडायला ठाम नकार दिला, वृत्तपत्रांनी प्रकरण उचलले आणि अखेर ‘जमैकन पॅटी’ या नावावर तडजोड झाली. जुना अर्थ दुकानदारांच्या बाजूचा होता, हे वर दुहेरी_वेलांटी यांनी दिलेल्या माहितीवरून स्पष्टच आहे. ही पॅटी येथे कोको ब्रेड नावाच्या गोडसर पावात घालून खातात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा पावात पॅटिस कोंबून खाणारे कॉलेजचे दिवस आठवले.

साटा यांचा प्रतिसाद:

बेकरीतल्या पॅटिसचे पदर कसे सुटतात हे चिरोटे करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आपण पोळ्यांमध्ये तुपातांदळाचा साटा लावतो, बेकरीवाला मैद्याच्या थरांत मार्गारिन घालून पुन्हा पुन्हा घडी घालतो व लाटतो. भट्टीत पाण्याची वाफ होऊन ती पदर उचलते. दक्षिणेत याच पदार्थाला ‘पफ’ म्हणतात. ते नाव पिठाच्या प्रकारावरून आले, म्हणून त्याला टिक्कीचा संशय कधीच चिकटला नाही. ताई, ऑयस्टर पॅटीच्या अनेक जुन्या कृतींत अशाच पदरी पिठाच्या वाट्या आधी भाजून घेत, वरची चकती काढत आणि सायीच्या रश्श्यातली कालवे आत भरून चकती पुन्हा ठेवत. म्हणजे ही तुमची ‘पॅटी’ धड बंदसुद्धा नव्हती.

समास यांचा प्रतिसाद:

सर्वांचे मनापासून आभार. पत्र पुन्हा काढून पाहिले. त्यात पुढच्याच ओळीत ‘पॅटीपॅन कमी पडल्याने शेजारून मागवले’ असे वाक्य आहे आणि मी ते ‘तवे कमी पडले’ असे भाषांतरित करून बसले होते. आता तेथे ‘साचे’ केले आहे आणि पदार्थाला ‘कालवे भरलेल्या पदरी पॅटी’ असे लिहिले आहे. पॅस्टी मात्र पॅस्टीच ठेवली.