दाढीच्या साबणाचा फेस गालावर टिकत नाही. दोष साबणाचा की पाण्याचा?

किनाऱ्यावरचा_मांद्रे
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी फोंड्याला खोली घेऊन राहत होतो, आता मांद्र्याला घरी परत आलोय. फोंड्याला असतानाच ब्रश आणि साबणाच्या वडीने दाढी करायची सवय लागली. साबण अगदी साधा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला. तिथे नळाच्या पाण्यावर छान फेस यायचा. इथे वडी तीच, ब्रशही तोच (मामांनी दिलेला, डुकराच्या केसांचा), पण पाणी आमच्या विहिरीचं. मोठे मोठे बुडबुडे येतात आणि एका गालावर पातं फिरवेपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसलेला असतो. वाटीला पांढुरका चिकट थर राहतो. मानेवर पातं ओढल्यासारखं लागतं, मग दिवसभर आग.

घरचे म्हणतात ट्यूबवाली क्रीम घे. पण मला वडीच हवी आहे. एक वडी महिनोन्‌महिने पुरते, ट्यूब कचऱ्यात जात नाही, आणि सकाळी ब्रश फिरवण्यात मला खरोखर आनंद मिळतो. तुर्कस्तानची आर्को मागवू का? की ब्रश बदलू?

वाळपईचा_वाटसरू
आर्कोवर पैसे घालू नकोस. पाणी खळखळून उकळ, जडपणा जातो, म्हणजे साबणाला फेस येऊ न देणारे क्षार जातात. आमच्या सत्तरी तालुक्यात विहिरीच्या पाण्यावर अंगाचा साबणसुद्धा भरभरून फेसाळतो.

वस्तरा_डिचोली
मी डिचोलीला सलून चालवलं, आता मुलगा बघतो. गोदरेजची गोल वडी आम्ही कित्येक वर्षं वापरली आणि गिऱ्हाईक कधी फेसाबद्दल बोललं नाही. स्वस्त साबण वाईट नसतो. त्याला हात नीट लागतो, एवढंच.

तुझ्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. साबण बदलला नाही, ब्रश बदलला नाही, बदललं ते पाणी. उद्या नळाचं पाणी पेलाभर भर आणि त्याच्यावर दाढी कर. तुमच्या पेडणे तालुक्यात चांदेलच्या जलप्रकल्पाचं पाणी नळाला येतं, तुमच्या वाड्यावर नळ नसेल तर शेजारून आण. दाढीला पाणी लागतं किती? ब्रश भिजवायला आणि फेस करायला मिळून एक पेला पुरे. तोंड धुवायला विहिरीचं चालेल. फरक पडला तर आर्कोचा विषय संपला.

आता हाताचं सांगतो, कारण चांगल्या पाण्यावरही निम्मी माणसं इथेच अडतात. साबण कमी उचलतात आणि पाणी जास्त घालतात. तोंड धुवायला जाण्याआधी ब्रश कोमट पाण्यात उभा ठेव. डुकराचा केस पाणी पितो, कोरडा राहिला तर तुझ्या फेसातलं पाणी तोच पिऊन टाकेल. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेव. तोंड धुऊन आलास की ते पाणी ओतून दे आणि ब्रश चांगला झटक. पाणी गळता कामा नये.

मग वडीवर ब्रश फिरव. दोन-चार फेरे मारून थांबू नकोस. चांगला अर्धा मिनिट, गरज पडली तर जास्त. आधी बुडबुडे दिसतील, ते फेस नव्हेत. फिरवत राहा. ब्रशच्या टोकांना घट्ट, चिकट लगदा धरायला लागला आणि ब्रश जरा जड लागला की साबण पुरेसा आला. लोक बुडबुड्यांवर खूश होऊन तिथेच थांबतात.

आता वाटी नको, थेट ओल्या गालावर ये. गोल गोल फिरव. फेस कोरडा दिसेल, खुंटांना अडकेल. तेव्हा ब्रशची फक्त टोकं पाण्यात बुडव आणि पुन्हा फिरव. असं थोडं थोडं पाणी. एक क्षण येतो की फेसाला चमक येते, बुडबुडा दिसेनासा होतो आणि तो घट्ट लागलेल्या दह्यासारखा गालावर बसतो. तिथे थांब. बोटाने चोळून बघ, कातडी निसरडी लागली पाहिजे. पातं फेसाच्या उंचीवर चालत नाही, या निसरडेपणावर चालतं. पातळ झाला तर पाणी काढता येत नाही, परत वडीवर जावं लागतं.

मानेचं म्हणशील तर फेस सुधारला की आग निम्मी कमी होईल. उरलेली निम्मी पातं दाबण्यामुळे. दाबू नकोस, रेझरचं वजन पुरे.

प्रयोगवही_म्हापसा
काकांचं एकूण एक वाक्य पटलं. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पाण्याबद्दल थोडं.

वाळपईच्या दादांचा अनुभव खरा आहे, पण तो मांद्र्याला लागू होईलच असं नाही. जांभ्या खडकातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. किनाऱ्याजवळ गोष्ट वेगळी. तिथे जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की खारं वर सरकतं. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागतं ते यामुळे.

मचूळ पाण्यात साबणाचे दोन्हीकडून हाल. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात, वाटीला लागलेला पांढुरका थर तोच. आणि मीठ साबणाला विरघळूच देत नाही. साबण कारखान्यात साबण वेगळा काढायला मुद्दाम मीठ घालतात. उकळल्याने फक्त बायकार्बोनेटचा जडपणा जातो. मीठ जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं.

खात्री करायची तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचं, दुसरीत नळाचं किंवा पावसाचं पाणी, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस. झाकण लावून सारखं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रयोग फार आवडतो.

साबण घेताना वेष्टण वाचा. स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं तर तो दाढीसाठीच बनवलाय. स्टिअरिकमुळे फेस दाट होतो आणि टिकतो, पोटॅशियममुळे वडी पाण्यात लवकर सुटते. अंगाचा साबण मुख्यतः सोडियमचा, तो फेसाळतो पण बसतोही लवकर. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो, समुद्राच्या पाण्यातसुद्धा, पण दाढीसाठी तो फेस हलका आणि कातडी कोरडी पडते. ‘टॅलोएट’ लिहिलेलं असेल तर ती जनावराची चरबी, घरात चालत नसेल तर बघून घ्या.

आणि तुरटी फिरवत असाल तर दाढी झाल्यावरच. तुरटीचा हात ब्रशला किंवा पेल्याला लागू देऊ नका. तुरटीतलं ॲल्युमिनियमही साबणाचा साकाच करतं.

किनाऱ्यावरचा_मांद्रे
काका, मॅडम, दोघांचे मनापासून आभार. बाटल्यांचा प्रयोग आईसमोर केला. नळाच्या पाण्याच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत आला आणि राहिला. विहिरीच्या बाटलीत थोडे बुडबुडे, खाली गढूळ पाणी. आई म्हणाली, म्हणूनच मे महिन्यात कपड्यांना साबण जास्त लागतो.

नळाच्या पाण्यावर काकांनी सांगितल्याप्रमाणे दाढी केली. वडीवर जास्त वेळ फिरवल्याने खरंच लगदा धरला. तीन वेळा पातं फिरवलं तरी ब्रशमध्ये फेस शिल्लक होता. बाजारातली तीच वडी! आर्को रद्द.

एकच विचारायचंय. पाऊस सुरू झाला की पागोळ्यांचं पाणी चालेल का? आणि ब्रशला दमट वास येतो, त्याचं काय करू?

प्रयोगवही_म्हापसा
पावसाचं पाणी सगळ्यात मऊ. पहिल्या एक-दोन सरी कौलांवरची धूळ धुऊन जाऊ देत, मग भांडं लावा, आणि फडक्यातून गाळून घ्या. एक मात्र जपा: त्या पाण्यात साबण लवकर सुटतो, म्हणून फेस करताना पाणी आणखी थेंबाथेंबाने घाला.

वस्तरा_डिचोली
ब्रशच्या मुळाशी साबण राहतो, वास त्याचाच. दाढी झाली की चांगल्या पाण्यात मुळापर्यंत धू, पिळू नकोस, झटक आणि टॉवेलवर फिरव. मग न्हाणीत ठेवू नकोस. आपल्याकडे जुलैत न्हाणीत काहीच वाळत नाही, आठवड्यात बुरशी धरते. खिडकीपाशी हवेत, केस खाली करून टांग. वडीचंही तेच, डबीचं झाकण उघडं ठेव, वाळली की मग बंद कर. शक्य असेल तर दुसरा साधा नायलॉनचा ब्रश घेऊन ठेव. तो पाणी पीत नाही, लवकर वाळतो. पावसाळ्यात एक दिवस हा, एक दिवस तो.