माळशेजमार्गे जुन्नर आणि वाटेत अचानक घडलेला नाणेघाट

घोडबंदरकर (ठाणे):
सप्रेम नमस्कार. गेल्या जानेवारीत आम्ही आईला घेऊन कल्याण-मुरबाडमार्गे शिवनेरी पाहायला निघालो. माळशेज घाटात धुके इतके दाट होते की पुढच्या टेम्पोचे लाल दिवे धरूनच गाडी हाकावी लागली. शिवनेरीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपेनात, तेव्हा पायथ्याच्या चहावाल्याने सुचवले की नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, आजींना तिकडे न्या. जुन्नरपासून घाटघरकडे सुमारे ३० किलोमीटरची ही वाट आमच्या बेतात अजिबात नव्हती. माथ्यावरचा दगडी रांजण आईने हाताने चाचपून पाहिला आणि लेण्यात मूर्तींची नुसती पावले उरलेली बघून, "यांची माणसं कुठं गेली रे?" असे विचारले. तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

डिसेंबरअखेर भावाच्या कुटुंबासह पुन्हा जायचे आहे. आधी नाणेघाट करावा की शिवनेरी? शिवाय मागच्या वेळी अंधारात माळशेज उतरताना ब्रेकमधून जळका वास आला होता, त्यावर काय उपाय करावा?

सारथी (ऐरोली):
दादा, तो वास म्हणजे ब्रेक तापल्याची खूण आहे, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर पकड सोडू शकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेकवर सतत पाय ठेवावा लागत नाही. वास आलाच तर सुरक्षित जागी गाडी थांबवून ब्रेक निवू द्या. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नका. धुक्यात हाय बीम लावला तर उजेड धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून लो बीमच ठेवा. निघण्याआधी ब्रेक पॅड तपासून घ्याच, कारण या वेळी दोन गाड्या भरून माणसे असणार आहेत.

निवृत्त शिक्षक (खारघर):
तुमच्या मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. त्या पावलांच्या वर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत आणि त्यांत सातवाहन राजघराण्यातील सिमुक सातवाहन, राणी नागनिका व श्री सातकर्णी ही नावे आहेत. म्हणजे मूर्ती गेल्या तरी माणसे नावानिशी तिथेच आहेत. बाजूच्या भिंतींवरील मोठ्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे (त्या काळची नाणी) अशा दक्षिणेची नोंद आकड्यांत केली आहे. भारतातील अत्यंत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत हा लेख मोडतो. मुलांना ते अंक आवर्जून दाखवा. भिंतीला हात मात्र लावू देऊ नका. रांजण जकातीसाठी होता असे परंपरेने सांगतात. कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे, आणि या घाटाचा पायथा आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात आहे.

माझ्या मते आधी नाणेघाट करावा. लेणे माथ्यापासून थोडेसेच खाली असले, तरी वाट ओबडधोबड दगडांची आहे. आईंना सकाळी ताज्या पायांनी, काठी आणि एकाचा हात धरून उतरवा. शिवनेरी दुपारी मुलांनी चढावा.

नेरूळकर:
थोडी भर घालतो. जानेवारीच्या सुरुवातीला सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे परतीला तीननंतर रेंगाळू नये. जुन्नर तालुक्यात उसाच्या रानात बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधार पडल्यावर लहान मुलांना रस्त्याकडेला उतरवू नका. उशीर झालाच तर माळशेजचा हट्ट सोडून नारायणगाव, चाकण, तळेगावमार्गे द्रुतगती महामार्गाला लागा. फेरा पडतो, पण रात्री धुक्यात घाट उतरावा लागत नाही.

घोडबंदरकर (ठाणे):
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. पहाटे साडेचारला निघून आधी नाणेघाट, असे ठरले. ब्रेक पॅड उद्याच दाखवतो. गुरुजी, आईला ती नावे वाचून दाखवली. नागनिकेचे नाव तिने दोनदा म्हणायला लावले, आणि या वेळी ते नेमके कोणत्या पावलांवर आहे ते मला दाखव, असे बजावले आहे.