कलम 39-ए ची नोटीस: ऑर्चर्डचं सेटलमेंट होतंय, आक्षेप कुठे आणि कसा घ्यायचा?

पेडणे_वाडा
नमस्कार मंडळी. गावातल्या डोंगराच्या उतरणीवरचा एक सर्वे नंबर गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम 39-ए च्या, म्हणजे जमिनीचा झोन बदलण्याच्या नोटिशीत आलाय. प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये तो ऑर्चर्ड (बागायत) आहे, मागणी सेटलमेंटची (वस्ती-बांधकामाच्या झोनची). वाड्यावर सह्या गोळा करणं सुरू आहे. कुणी म्हणतं निवेदन पंचायतीला द्या, कुणी म्हणतं ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेऊ. एकाने आधी माहिती अधिकारात फाईल मागवा असं सुचवलंय. नेमकं काय करावं?

एक_चौदा
ऑक्टोबरची वाट पाहिलीत तर विषय संपला. राजपत्रात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 30 दिवस, एवढीच मुदत असते. वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवसापासून किंवा व्हॉट्सॅपवर यादी फिरली त्या दिवसापासून ती मोजू नका. माहिती अधिकाराच्या उत्तरालाही 30 दिवस लागतात, म्हणजे कागद हातात येईपर्यंत आक्षेपाची मुदत गेलेली असेल. अर्ज जरूर करा, 10 रुपयांचं काम आहे, पण त्यावर अवलंबून राहू नका. नगरनियोजन खात्यात जाऊन नकाशा आणि प्रस्ताव प्रत्यक्ष पाहा.

आक्षेप जातो मुख्य नगरनियोजकांकडे, पणजीला पाटो इथल्या डेंपो टॉवरमधल्या कार्यालयात. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पुढे कोर्टात ‘आक्षेप आलाच नव्हता’ म्हणायला ते मोकळे.

आता मजकूर. ‘आमचा निसर्ग वाचवा’ एवढ्यावर भागत नाही. नोटिशीतला सर्वे नंबर, उपविभाग, क्षेत्रफळ, सध्याचा झोन आणि मागितलेला झोन जसाच्या तसा उतरवा. मग एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) काढा आणि घरबसल्या नीट वाचा. त्यावर जिरायत, बागायत, तरी (भातशेती), खाजन, केर, मोरड असे जमिनीच्या प्रकारांचे रकाने असतात. कुठल्या रकान्यात किती क्षेत्र आहे ते पाहा. नोटिशीत अर्धाच भाग मागितला असेल तर तो नेमका कुठला, हे सर्वे प्लॅनवर ताडून घ्या. सगळ्यात महत्त्वाचा रकाना कुळाचा. तिथे नाव असेल आणि जमीन कूळ कायद्याने कुळाकडे गेलेली असेल, तर 1991 चा जमीन वापर नियमन कायदा ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरू देत नाही. हा मुद्दा असेल तर पहिल्याच परिच्छेदात घाला. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर, वाट, विहीर असली तर तेही लिहा.

सत्तरीकार
उतरणीबद्दल थोडं. आराखडा 2021 मध्ये 25 टक्क्यांहून जास्त चढ म्हणजे ‘नो डेव्हलपमेंट स्लोप’. प्रस्तावाला कंटूर प्लॅन (समान उंचीच्या रेषांचा नकाशा) जोडलेला असेल तर पट्टी लावून मोजा: रेषा उंचीच्या 5 मीटरच्या अंतराने काढल्या असतील आणि शेजारच्या दोन रेषांमध्ये जमिनीवर 20 मीटरपेक्षा कमी अंतर भरत असेल, तर चढ 25 टक्क्यांच्या वर गेला. आधी नकाशाचं प्रमाण बघा, झेरॉक्स लहान-मोठी करून काढलेली असते आणि सगळा हिशेब चुकतो.

झाडी दाट असेल तर खासगी वनाचे निकषही तपासा: 75 टक्के वनझाडं, छत्राची (झाडांच्या फांद्या-पानांच्या आच्छादनाची) घनता निदान 0.4, आणि क्षेत्र 5 हेक्टर किंवा वनाला लागून. काजूची बागायत यात बसत नाही, उगाच ताणू नका. एक खोटा मुद्दा घातला की बाकीचे चार खरे मुद्देही पातळ होतात.

पेडणे_वाडा
आभार. म्हणजे सह्यांचा काही उपयोग नाही का? आणि एकजण म्हणतो, हे सगळं कोर्टाने आधीच रद्द केलंय.

एक_चौदा
नगरनियोजन कायद्यातली ही दोन वेगळी कलमं आहेत. 17(2) मध्ये ‘नजरचुकीची दुरुस्ती’ म्हणून झोन बदलत होते, लोकांकडून आक्षेप न मागवता. त्याचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. तुमची नोटीस 39-ए ची आहे. 2024 मध्ये आलेल्या या कलमालाही कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण कोर्टात काय होईल या भरवशावर मुदत घालवू नका. आक्षेपात 17(2) चा निकाल चिकटवून दिलात तर वाचणारा तिथेच कागद बाजूला ठेवील.

सह्या घ्या, पण एकाच मजकुराखालच्या दोनशे सह्यांपेक्षा दहाजणांनी आपापल्या अडचणीवर लिहिलेली दहा पत्रं जास्त कामाची. खालच्या शेतातल्या माणसाने पावसाचं पाणी आणि माती कुठून खाली येते ते लिहावं, वरच्या घरवाल्याने अरुंद रस्त्याचं लिहावं.

कायदो_बियदो
पंचायतीला अगदीच वाऱ्यावर सोडू नका. झोन बदलणं तिच्या हातात नाही, पण पुढचे टप्पे असतात: नगरनियोजनाची तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची सनद (बिगरशेती वापराची परवानगी, जमीन महसूल संहितेचं कलम 32), मग पंचायतीचा बांधकाम परवाना. डोंगर कापायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-ए खाली वेगळी परवानगी लागते. जेसीबी दिसला की आधी तीच मागा.

ग्रामसभेच्या ठरावाने खातं बांधलं जात नाही, पण तो पुरावा म्हणून उभा राहतो. ऑक्टोबरपर्यंत थांबण्याऐवजी सरपंचांकडे अतिरिक्त ग्रामसभेची लेखी मागणी करा. ठराव मांडताना सर्वे नंबर इतिवृत्तात लिहून घ्या. ‘गावातील जमिनींबाबत चर्चा झाली’ असं मोघम वाक्य पंचायत सचिव सहज लिहून मोकळा होतो. इतिवृत्ताची प्रमाणित प्रत मिळाली की तीही मुदतीच्या आत डेंपो टॉवरला आवक करा, पहिल्या आक्षेपाचा क्रमांक वर टाकून.

आणि मुदतीचा शेवटचा दिवस रविवार नाही ना, ते आजच कॅलेंडरात बघा.