बेंबीपासून उजवीकडे सरकलेलं दुखणं, उद्यापर्यंत थांबू का?

बार्शीचा_अमोल: भाऊ १९ वर्षांचा. काल जेवणानंतर बेंबीभोवती दुखायला लागलं. आईने ओवा-सैंधव दिलं, बेंबीत हिंग घातलं. पहाटे दोनदा उलटी. आता दुखणं उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाजवळ आलंय. अंगात कणकण, चालतो तर वाकून. आजी म्हणते वायगोळा आहे, एरंडेल द्या. रविवार असल्याने आमचे डॉक्टर नाहीत.

कॅज्युअल्टीवाली_ताई: एरंडेल अजिबात देऊ नकोस, अमोल. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीतच झाली. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली येऊन बसलेलं दुखणं, वर उलटी आणि कणकण, म्हणजे अपेंडिक्सचा संशय आधी. नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील, पण उद्यापर्यंत थांबायचं हे दुखणं नाही. सर्जन आणि सोनोग्राफी आहे अशा दवाखान्यात आत्ता ने. गाडी नसेल तर १०८ लाव. तोंडाने काही नको, चहासुद्धा नाही. ऑपरेशन ठरलं तर पोट रिकामं लागतं. शेकायची पिशवीही नको.

वाटेत खड्ड्यात गाडी आदळली की उजवीकडे कळ उठते का बघ आणि डॉक्टरांना सांग. (खड्डे शोधावे लागणार नाहीत.) दुखणं मध्येच एकदम कमी झालं तरी गाडी मागे फिरवायची नाही. अपेंडिक्स फुटल्यावर कधी कधी थोडा वेळ हलकं वाटतं, मग सगळं पोट फळीसारखं कडक होतं.

खडेवाला_७७: मलाही उजवीकडेच दुखत होतं, मुतखडा निघाला. भरपूर पाणी पाजा, पडून जाईल.

कॅज्युअल्टीवाली_ताई: दादा, पाणी नको म्हटलंय ना. मुतखड्याचा पेशंट एका जागी ठरत नाही, कॉटवर गडाबडा लोळतो, कळ पाठीकडून जांघेत उतरते. हा पोरगा हलायलाच घाबरतोय. अमोल, अजून एक, त्याला बाजूला घेऊन विचार: वृषणात दुखतंय का, सूज आहे का? तिथे पीळ पडला तरी कळ पोटात येते, आणि तेव्हा सहा तासांच्या आत सोडवला तर बरा. पोरं आईसमोर सांगत नाहीत.

नीलिमा_सोलापूर: ताई, सासऱ्यांना शुगर आहे. छातीच्या खाली पोटात दुखतं, घाम येतो. गॅसच असेल ना?

कॅज्युअल्टीवाली_ताई: आत्ता दुखत असेल तर १०८ लाव, आधी ईसीजी काढा. शुगरवाल्यांचा हार्ट अटॅक कितीदा छातीत दुखवतच नाही. आणि बायकांनीही वाचा: पाळी चुकलीय, ओटीपोटात जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तिथे तासाचाही उशीर नको.

बार्शीचा_अमोल: विचारलं, खाली काही नाही. रिक्षा आलीय, निघतोय. आजी चिडलीय.

कॅज्युअल्टीवाली_ताई: चिडू दे. शेवटचं कधी खाल्लं, काय काय दिलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हे गेल्या गेल्या सांग. ओवा-हिंगही लपवू नकोस.