टेकडीवरचा रस्ता: लोकांना विचारायचं कधी?

धागाकर्ता: सायकलस्वार
पुण्यातला नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्ता. माहीत नसलेल्यांसाठी: सेनापती बापट रस्त्यावरून वेताळ टेकडीच्या अंगाने पौड फाट्याला उतरणारा साधारण दोन किलोमीटरचा रस्ता, काही भाग उन्नत. हेतू, लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फोडणं. एप्रिल २०२३ मध्ये हजारो पुणेकरांनी याविरोधात पदयात्रा काढली.

रस्ता हवा की नको, हे क्षणभर बाजूला ठेवू. माझा आक्षेप क्रमावर आहे. आधी नकाशावर रेघ मारायची, मग सल्लागार नेमायचा, आणि शेवटी नागरिकांना सादरीकरण दाखवायचं. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. बाकडी, दिवे, पदपथ सुचवा म्हणते. टेकडी कापताना मात्र आपण प्रेक्षक!

लॉ_कॉलेज_रोडवाला
सहमत नाही. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्याच लागतात, कायदाच आहे तसा. तेव्हा झोपायचं आणि निविदा निघाली की मोर्चा काढायचा, याला सहभाग म्हणायचं का? खिडकी उघडली की घरात धूर येतो आमच्या. आमचे आईवडील नागरिक नाहीत का? टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांचा आवाज मोठा, म्हणून तेच 'लोक'?

सायकलस्वार
धुराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण अख्ख्या शहराच्या आराखड्याच्या नकाशात एक रेघ बघून त्यासाठी किती भराव लागेल, कुठला ओढा अडेल, हे कोणाला कळणार? तपशील येतो तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असते.

गिरिपुष्प
एक कटू सत्य. टेकडीवरचं बरंचसं 'जंगल' म्हणजे लावलेली गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, मूळची परदेशी) झाडं. उगाच सह्याद्रीचं घनदाट अरण्य असल्यासारखं बोलू नका.

जुना_भूगोलवाला
@गिरिपुष्प, म्हणूनच नुसती झाडं मोजू नयेत! कातळाच्या भेगांतून मुरणारं पाणी, उतारावरचे ओढे, उघड्या माळावरचं गवत आणि त्यातले पक्षी, यांतलं काहीच झाडांच्या यादीत येत नाही. वृक्षतोडीसाठी झाडावर नोटीस लागते, हरकत घेता येते. ओढ्यावर नोटीस कुठे चिकटवणार? आणि २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत मोठे महामार्ग येतात. शहरातल्या एवढ्याशा रस्त्याला त्याखाली जनसुनावणीची सक्ती नाही.

नागपूरकर
काळजी घेऊनही रस्ता होतो हो. नागपूर-जबलपूर महामार्ग पेंचमधून जातो. कोर्टकचेऱ्या झाल्या, वेळ गेला, पण शेवटी प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ भुयारी वाटा आणि पूल झाले. त्यातला एक तब्बल ७५० मीटरचा. आता वाघ खालून जातात, कॅमेऱ्यात दिसलेत.

लॉ_कॉलेज_रोडवाला
बघा! रस्ता झालाच ना? विरोध करून आराखडा सुधारा, गाडू नका.

सायकलस्वार
झाला, पण आधी वाघांच्या वाटा अभ्यासून. इथे माणसांच्या तरी अभ्यासा. लॉ कॉलेज रस्त्यावरची किती वाहनं खरंच सेनापती बापट रस्ता ते पौड फाटा अशी आरपार जातात, आणि किती अधेमधे कॉलेजला, क्लासला, दुकानात थांबतात? दुसरी जास्त असतील तर नव्या रस्त्याने धूर कमी होणार नाही.

वारज्याची_दुचाकी
मेट्रो आली, नळ स्टॉपचा दुमजली पूलही आला. कोंडी पुलाच्या दोन्ही टोकांना सरकली, एवढंच. तरी मी रस्त्याच्या बाजूने आहे, कारण वेळेवर न येणाऱ्या बसची वाट बघण्यात माझी नोकरी जाईल. आरपार जाणाऱ्यांत मीही आहे, मोजा मला. फक्त मोजणी शाळा-कॉलेजं चालू असताना करा, मे महिन्यात नको.

लॉ_कॉलेज_रोडवाला
मोजणीला ना नाही. आकडे मराठीत, वॉर्ड ऑफिसात लावा. पण तारीख ठरवून. आणि आकडा आमच्या बाजूने आला तर पुन्हा मोर्चा नाही, हे आत्ताच कबूल करा.

जुना_भूगोलवाला
वाहनांबरोबर पावसाळ्यात ओढेही मोजणार असाल, तर माझ्यापुरतं कबूल.

सायकलस्वार
मलाही चालेल. पण मोजणार कोण? रस्त्याचं काम ज्याला मिळणार, तो सल्लागार नको.