कडी आतून लावलेली

भुताचे वर्णन जितके सविस्तर तितकी कथा अधिक भयंकर, असे अनेकांना वाटते; मला ते पटत नाही. शनिवारवाड्यात अमावस्येला ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका आपण पुणेकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु माझ्या अंगावर काटा येतो तो त्या हाकेने नव्हे, तर ३० ऑगस्ट १७७३ रोजी पदरी बाळगलेले गारदीच, म्हणजे भाडोत्री शिपाईच, अवघ्या १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांवर तलवारी उपसून धावून गेले, या हकिकतीने. काका राघोबादादांच्या लेखी हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे सांगतात. म्हणजे तिथे ना सांगाडा, ना उलटे पाऊल, केवळ एक बदललेले अक्षर, आणि तेच मन पोखरत राहते.

ओळखीचे काहीतरी किंचित बदलावे, ही खरी भीती. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजोबा गेल्यावरही आजी रोज रात्री, ते उशिरा येतील म्हणून, दाराची कडी काढून ठेवत असे. एका पहाटे मी उठले तेव्हा कडी आतून लावलेली होती आणि आजी शांतपणे दोन कप चहाचे आधण ठेवत होती.